फौजीची पुरवणी

"शिक्षणात खंड पडल्याचं कारण" असं त्या नमुन्यावर छापलेलं होतं आणि खाली चार ओळींची रिकामी जागा होती. खंड सतरा वर्षांचा होता. चार ओळींच्या जागेत त्या माणसाने एकच शब्द लिहिला होता : नोकरी.

आमच्या कॉलेजच्या क्लार्कने कागद परत दिला. "अहो, नीट सविस्तर लिहा." माणसाने खिशातलं पेन काढलं, 'नोकरी'च्या आधी 'सैन्यात' एवढं लिहिलं आणि कागद पुन्हा खिडकीतून आत सरकवला. मी हजेरीपट न्यायला तिथे उभी होते. क्लार्कला राग आला आणि मला हसू.

आता मी जळगावला लेकीकडे असते. पण डोळे मिटले की धुळ्याच्या देवपुरातलं ते कॉलेजच दिसतं. पांझरेचा पूल ओलांडून आलं की लिंबाच्या झाडांची रांग, व्हरांड्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेले माठ, आणि मारताना शिपाई दरवेळी एक डोळा मिटायचा ती घंटा. तीस वर्षं मी तिथे मराठी शिकवलं. पोरांना माझ्या लाल पेनाची धास्ती होती आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान होता.

तो माणूस साक्री रस्त्यावरच्या एका खेड्यातला होता. वय पस्तीस-छत्तीस. बारावीनंतर भरती झाला, सतरा वर्षं काढून हवालदार म्हणून परत आला आणि आता बी.ए.च्या पहिल्या वर्षाला बसायचं म्हणत होता. त्याला भूगोलाचा शिक्षक व्हायचं होतं. बी.ए. झालं की बी.एड., आणि मग शाळा. वर्गात मी त्याला अहो-जाहो करायचे, पण आठवणीत तो 'तो' म्हणूनच येतो, त्याला माझा इलाज नाही.

प्राचार्यांच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यांनी लगेच सैन्यातून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी एक साहाय्य समिती काढली आणि मला बोलावून म्हणाले, "मॅडम, तुम्ही बघा जरा." समितीत मी एकटी होते आणि विद्यार्थीही एकटाच. पाटी मात्र झकास रंगवून घेतली.

प्रवेशाच्या दिवशी त्याची बायको बरोबर आली होती. लिंबाखाली पिशवी धरून उभी होती. मी समितीच्या नात्याने चार शब्द बोलायला गेले तर तिनेच मला गाठलं. "मॅडम, ह्या घरमा बी बोलतस नहीत. आठे काय बोलतीन?" अहिराणीत नवऱ्याला मानाने 'ह्या' म्हणतात.

"म्हणजे भांडण वगैरे?"

"नही वं. मानूस सोनानं शे. पन तोंडले कुलूप. सतरा वरीस फोन करेत तवय बी 'मी ठीक, तू ठीक ना, ठेवस.' बस्स!"

माझी जीभ पहिल्यापासून लांब. मी म्हणाले, "वर्षभरात बोलकं करून देते तुमच्या माणसाला. शब्द माझा."

तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "दखू."

पहिल्या तासाला मी वर्गात शिरले तर शेवटच्या बाकावरचा हा ताडकन उभा. छाती पुढे, हात शिवणीला चिकटलेले, नजर फळ्याच्याही वर. बाकीची पोरं अर्धी उठलेली, अर्धी मोबाईल लपवण्यात गुंतलेली. हजेरी घेताना त्याचा नंबर आला आणि तो असा काही "हजर!" म्हणाला की झडपेवरचं पारव्यांचं जोडपं उडालं. पोरांनी आधी त्याची टिंगल म्हणून ताठ उभं राहायला सुरुवात केली. महिनाभरात ती टिंगल कुठे गेली कळलं नाही, पण ताठ उभं राहणं तसंच राहिलं. पोरं त्याला 'फौजी आबा' म्हणायची. त्याच्या डब्यातली कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा मधल्या सुट्टीआधीच संपायचा, आणि तो रिकामा डबा पाहून खूश व्हायचा. डगमगणारी बाकं त्याने एका शनिवारी स्वतःच ठोकून दिली. कोणी विचारलं, कोणी केलं हे, तर गप्प.

मग पहिली चाचणी झाली. पंधरा मार्कांचा प्रश्न होता, 'पाठातील आईची व्यक्तिरेखा रेखाटा.' इतर पोरांनी त्या आईवर चार-चार पानं लिहिली होती. नमनालाच घडाभर तेल, त्यात जगातल्या यच्चयावत आया येऊन गेल्या, फक्त पाठातली आली नाही. फौजीचं उत्तर असं होतं : 'आई गरीब. कष्ट करते. मुलावर जीव. मुलगा येण्याआधी वारते.'

मी पंधरापैकी तीन दिले आणि खाली लाल शाईत लिहिलं, 'उत्तर त्रोटक.'

दुसऱ्या दिवशी तो स्टाफरूमच्या दारात उभा. परवानगी मिळेपर्यंत उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचा नाही. "मॅडम, चुकलं काय?"

"चुकलं काही नाही. कमी आहे."

"राहिलं काय?"

मी उत्तर पुन्हा वाचलं. खरं सांगायचं तर राहिलं काहीच नव्हतं. पाठात तेवढंच होतं. त्यामुळे तर मी जास्तच भडकले. "अहो, हे उत्तर आहे की तार?"

"तारच, मॅडम," तो शांतपणे म्हणाला.

सैन्यात तो वायरलेसवर होता. सतरा वर्षं कानाला सेट. मला समजावं म्हणून त्याने आयुष्यातलं बहुधा सर्वात मोठं भाषण केलं. सेटवर जितका वेळ बोलाल तितका वेळ पलीकडच्याला तुमचा ठावठिकाणा लागण्याची भीती. म्हणून एक शब्द जादा नाही. शिकताना उस्ताद प्रत्येक जादा शब्दामागे मैदानाला एक चक्कर मारायला लावायचे. "पहिला म्हैना मी निस्ता पळत व्हतू," तो म्हणाला. "मंग जीभ सुधरनी. जितलं इचारं, तितलंच सांगनं."

पोरांनी पानं भरून काही सांगितलं नव्हतं, त्यांना मी अकरा-बारा दिले होते. ज्याने सगळं सांगितलं त्याला तीन. हे मला त्या दिवशीही कळत होतं. पण परीक्षेचे पेपर काही मी एकटी तपासणार नव्हते.

सत्र परीक्षेत व्हायचं तेच झालं. भूगोलात तो पहिला आला. नकाशातले घाट आणि खिंडी त्याने पायांनी मोजल्या होत्या, आणि नकाशा काढायला शब्द लागत नाहीत. मराठीत नापास. निकालाच्या दिवशी त्याने मला सांगितलं की त्याच्या मेहुण्याने दीपनगरला, वीज केंद्राच्या गेटवर, सुरक्षारक्षकाच्या जागेसाठी शब्द टाकून ठेवलाय. ते लोक उन्हाळ्यापर्यंत थांबायला तयार आहेत. "एप्रिलमध्ये मराठी निघालं तर कॉलेज. नाहीतर गेट."

"गेटवर उभं राहायला आवडेल तुम्हाला?"

"नाही."

एवढंच उत्तर. सतरा वर्षं देशाच्या दारावर उभा राहिलेला माणूस, आता याला पुन्हा दारातच उभं करायचं? मी म्हणाले, "उद्यापासून साडेसातला यायचं. पहिल्या तासाआधी अर्धा तास, रोज."

ते सकाळचे अर्धे तास अजून माझ्या नाकात आहेत. शिपाई व्हरांड्यात पाणी शिंपडायचा, त्या ओल्या धुळीचा वास, थंडीतली तिरपी उन्हं, आणि टेबलापलीकडे हा मान खाली घालून. पहिल्या दिवशी विषय दिला, 'माझे गाव'. दहा मिनिटांत कागद समोर. 'गाव लहान आहे. नदी कोरडी आहे. माणसं चांगली आहेत.' मी म्हणाले, आणखी लिहा. त्याने विचार करून लिहिलं, 'बस येते.'

पंधरा दिवस हेच चाललं. पालथ्या घड्यावर पाणी. मी चिडले, हसले, टेबलावर डस्टर आपटलं. तो तेवढाच शांत. एकदा मी कपाळाला हात लावून बसले होते तेव्हा मला सुचलं, की चूक त्याची नाही, माझीच आहे. हा माणूस आजवर ज्याच्याशी बोलला त्याला कमी शब्द हवे होते. मी विचारलं, "तुमच्याकडून जास्त ऐकायला हवंय असं जगात कोणी आहे का?"

त्याने पेनाला टोपण लावलं. मग म्हणाला, "घरात आहे."

"मग तिला पत्र लिहा. सैन्यातला कुठलाही एक दिवस. मला निबंध नको, तिला पत्र. मी फक्त तपासते."

पहिलं पत्र आलं. 'मी ठीक होतो. थंडी होती. तुझी आठवण आली.' मी लाल पेनाने खाली एकच शब्द लिहिला, 'मग?' आणि कागद परत दिला. दुसऱ्या दिवशी त्याने त्या 'मग'चं उत्तर आणलं. पाच ओळी. त्यात वांग्याच्या भरिताची आठवण होती, मेसमधल्या डाळीत तो डोळे मिटून भरिताचा वास शोधायचा असं लिहिलं होतं. मी पुन्हा लिहिलं, 'मग?' विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचंच, ही त्याची शिस्त. तेवढी एक फट मला सापडली आणि मी ती सोडली नाही. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. पत्रं पानभर झाली, मग दीड पान. मी प्रत्येकावर दहापैकी मार्क द्यायचे. चार, पाच, साडेसहा. वेलांट्या सुधारायचे, वाक्यं जोडायचे आणि कागद माझ्या कपाटात ठेवायचे, प्रगती दाखवायला समितीच्या फायलीत लागतील म्हणून.

मार्चच्या सुरुवातीला एक पत्र आलं. बर्फातली चौकी होती, सेटवर हाच होता. 'वरून मेसेज आला. मुलगी झाली, दोघी ठीक. मी रॉजर म्हणालो. मग रॉकेलच्या डब्यांचा मेसेज आला. तो लिहून घेतला.' रॉजर म्हणजे मिळालं, समजलं, हे मला एव्हाना ठाऊक झालं होतं. मी नेहमीसारखं लाल शाईत लिहिलं, 'मग?' आणि सात मार्क दिले.

दुसऱ्या दिवशी तो अडीच पानं घेऊन आला. कागद ठेवले आणि पहिल्यांदाच न विचारता निघून गेला.

बरोबरचे दोघे झोपले होते, असं त्यात होतं. सेट अडवून ठेवता येत नाही, म्हणून कोणाला सांगताही येईना. ड्यूटी संपल्यावर तो एरियलवरचं बर्फ झटकायला बाहेर गेला. बर्फ फारसं नव्हतंच. तरी त्याने ते तीनदा झटकलं. वारा असा होता की स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नव्हता. 'म्हणून मी मोठ्याने बोललो. तुझ्याशी बोललो. आपल्या भाषेत. किती तरी बोललो. ते सगळं वाऱ्यात गेलं. आता आठवेल तेवढं लिहितो.' आणि पुढे दोन पानं त्याने ते लिहिलं होतं. मुलीचं नाव काय ठेवायचं. तिला उन्हात कापूस वेचायला न्यायचं नाही. लग्नानंतर आठ दिवस तो बायकोशी बोलला नाही तो रागाने नव्हे, तिच्यासमोर काय बोलावं ते सुचत नव्हतं म्हणून. तिने पहिल्या खेपेला निघताना पिशवीत बांधून दिलेली भाकरी त्याने तीन दिवस खाल्ली नाही, कारण संपली असती.

मी स्टाफरूममध्ये एकटी होते म्हणून बरं. पदराने डोळे पुसले. मग सवयीने पेन उचललं, दोन वेलांट्या दुरुस्त केल्या आणि दहापैकी नऊ लिहिले.

एप्रिलचा पेपर धुळ्याच्या उन्हात. स्वतःच्या विषयाला पर्यवेक्षण मिळत नाही, पण पाणी प्यायला तर कोणी अडवत नाही. त्या तीन तासांत मी व्हरांड्यातल्या माठाचं इतकं पाणी प्यायले की शिपाई म्हणाला, मॅडम, तब्येत बरी आहे ना? दोन तास उलटले असतील. त्याच्या हॉलच्या खिडकीजवळ मी पेला घेऊन उभी होते. आत पंख्यांची घरघर. एकाएकी फौजी आबा बाक सोडून ताडकन उभा राहिला, छाती पुढे, हात शिवणीला, आणि परेडच्या आवाजात गरजला, "पुरवणी!"

पर्यवेक्षकाच्या हातातला गठ्ठाच खाली पडला. अख्खा हॉल हसला. त्याच्या वर्गातल्या पोरांनी तर बाकं वाजवली. पर्यवेक्षक ओरडले, शांतता झाली, आणि त्याने जादा पानं घेऊन मान खाली घातली. शेवटी पुरवणी मूळ पेपराला पांढऱ्या दोऱ्याने बांधताना त्याने जी गाठ मारली ती, म्हणे, तपासनिसांना कात्रीने कापावी लागली. मी उरलेलं पाणी लिंबाच्या मुळाशी ओतलं आणि घरी गेले.

तो पास झाला. पुढचं सगळं सरळ गेलं. दीपनगरची जागा दुसऱ्याने घेतली. बी.ए. झालं, बी.एड. झालं, आणि गेली काही वर्षं तो यावलकडे, केळीच्या बागांमधल्या एका शाळेत भूगोल शिकवतो. पण मला सांगायचंय ते निकालानंतरच्या सोमवारचं.

सकाळी साडेसातला मी सवयीने स्टाफरूममध्ये बसले होते. दारात त्याची बायको. एकटीच. मला वाटलं पेढे घेऊन आली. मी हसून म्हणाले, "या या! पाळला की नाही शब्द?"

ती आत आली, पण बसली नाही. "मॅडम, त्यासले इचारं, इतलं लिखाले कशे शिकनात? त्या म्हनात, तुले कागद लिखात. मी म्हनं, मंग कोठे शेत कागद? तर म्हने, मॅडमकडे. कागद मना नावना शेत ना? तुम्ही वाचात. माले एक बी नही दखाडा."

तीस वर्षं मी दुसऱ्यांचे कागद तपासले. पण अशी लाज मला कधी वाटली नव्हती. चार महिने मी तिची पत्रं वाचत होते, त्यांच्यावर मार्क टाकत होते, आणि ती तिची आहेत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यालाही आलं नव्हतं. त्याला मी 'पत्र लिहा' म्हणाले होते, 'द्या' कुठे म्हणाले होते? जेवढं सांगितलं तेवढं त्याने केलं.

मी कपाट उघडलं, फायलीची दोरी सोडली आणि गठ्ठा तिच्यापुढे ठेवला. "लाल शाई झालीय सगळी," मी म्हणाले. "माफ करा."

ती खुर्चीवर बसली आणि ओळीखाली बोट ठेवून वाचायला लागली. सातवीपर्यंत शिकलेली होती, सावकाश वाचायची. शिपाई पाणी शिंपडून गेला. पहिल्या तासाची घंटा झाली, मी वर्गावर गेले नाही. प्रत्येक 'मग?' पाशी तिचं बोट थांबायचं. "हाई तुम्ही इचारं?" मी मान हलवायचे. "बरं करं," असं एकदा म्हणाली. रॉजरपाशी आली आणि अर्थ कळल्यावर तिने पदर तोंडाला लावला. हसत होती की काय, मला दिसलं नाही. मग ती अडीच पानं आली. ती तिने दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना ओठ हलत होते पण आवाज नव्हता.

वाचून झाल्यावर तिचं बोट पानाच्या शेवटी, माझ्या आकड्यावर येऊन थांबलं.

"नऊ?"

"हो. सगळ्यात जास्त. आजवर मी कोणाला दिले नाहीत."

"मंग एक काब्रं कापा?"

मी म्हणाले, "पूर्ण मार्क आम्ही मराठीत देत नाही."

"तुम्ही नका देऊत," ती म्हणाली आणि टेबलावरच्या माझ्या लाल पेनाकडे तिने हात पुढे केला. "मी देस."

तिने नवावर आडवी रेघ मारली, त्याच्या शेजारी जपून दहा लिहिले, फुंकर घालून शाई वाळवली आणि गठ्ठा पिशवीत घातला. पेन मला परत दिलं. दहाच्या बसला अजून वेळ होता, पण ती थांबली नाही.